ऐनाचं गेट

आमच्या घरापुढचं लाकडी गेट बघायला लोक थांबतात. मुरबाडहून सिद्धगडाकडे निघालेली शहरातली पोरं मोटारसायकली उभ्या करतात, गेटला टेकून फोटो काढतात आणि विचारतात, "काका, कुठून करून आणलंत?" मी "घरीच केलं" म्हणतो आणि आत निघून जातो. पहिले दोन-तीन महिने असा जात नव्हतो. तेव्हा चहा पाजून एकेक सांधा दाखवायचो. आता कोणी कौतुक केलं की अंगावर येतं, कारण हे गेट आणि त्याच्या दोन्ही बाजूंची सहा पॅनेलं मी ज्या लाकडाची केली, ते लाकूड असल्या कामासाठी नव्हतं आणि ते मला माहीत होतं.

मी तीस वर्षं शहापूरजवळच्या एका कारखान्यात फिटर होतो. नोकरी संपली तशी बायकोला घेऊन वाडीतल्या घरी आलो, आईजवळ. फिटरची खोड अशी की वाकडं काही बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तरी माझं जेवणात लक्ष लागत नाही. बायको म्हणते, उद्या भाकरी गोल झाली नाही तर हा माणूस तिला गुण्या लावून बघेल. अशा माणसाच्या घरापुढं मोगली एरंडाचं कुंपण होतं, कुठं कमरेएवढं, कुठं गुडघ्याएवढं, आणि येण्याजाण्याच्या जागी दोन खांबांच्या भोकांतून सरकवायचे तीन बांबू. त्याला आमच्याकडं बेडं म्हणतात. माणसानं ते काढायचं, आत यायचं, परत सरकवायचं. माणसं काढायची, पण परत कोणी सरकवत नव्हतं. शेळ्यांनी माझा मोगरा दोनदा बुडापासून खाल्ला. दुसऱ्या वेळी मी शेळीवाल्या बाईला इतका बोललो की ती महिनाभर आमच्या वाटेनं गेली नाही.

त्याच सुमारास मुरबाडच्या रस्त्यावर एका फार्महाऊसचं गेट बघितलं. उभ्या पट्ट्या, वरून किंचित कमानीसारखा उतार, आणि कुंपणाची पॅनेलंही त्याच मापाची, त्याच उताराची. गाडी थांबवून फोटो काढला. घरी येऊन वहीत मापं मांडली. लोखंडाचं केलं असतं तर डोळे मिटून झालं असतं, पण मला लाकडाचंच हवं होतं. आणि सुकं, मुरलेलं, पावसाला न डरणारं ऐनाचं लाकूड आमच्या मागच्या पडवीत छपरापर्यंत रचून ठेवलेलं होतं.

ते लाकूड काय होतं ते आता सांगायला हवं.

माझे वडील ऐन श्रावणात गेले. आठ दिवस झड लागली होती. वाडीत कोणी गेलं की घरटी एक ओंडका स्मशानात न्यायचा, अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी प्रत्येक घरानं ओंडका दिला आणि प्रत्येक ओंडका ओला होता. चिता धरेना. शेवटी कोणीतरी जुने टायर आणले, डिझेल ओतलं. मी तेव्हा तिशीतला, डोकं आजच्यापेक्षाही गरम. घरी आलो आणि बायकांच्या घोळक्यात बसलेल्या आईसमोर उभा राहून ओरडलो, "टायर टाकून जाळला बाबांना! कचरा जाळतात तसा!" तिला हे सांगायची काहीच गरज नव्हती. ती स्मशानात आली नव्हती, तिला कळलंही नसतं. पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं.

ती पुढच्या उन्हाळ्यापासून लाकडं जमवायला लागली. वादळात पडलेला बांधावरचा ऐन, कोणाच्या शेतातली मोडलेली फांदी, एकेक करून आणायची, आणवायची. समोरच्या घरातले काका, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, तिला कुऱ्हाड आणि पाचरी घेऊन ओंडके फाडून द्यायचे. माणसाच्या उंचीचे तुकडे, दगडांवर रचलेले, वरून प्लास्टिक. त्यानंतर वाडीत पावसाळ्यात जो कोणी गेला त्याची पहिली लाकडं आमच्या पडवीतून गेली. ज्यांच्या घरी गेली ते लोक उन्हाळ्यात दोन-चार ओंडके आपणहून आणून टाकायचे. कोणी ठरवून दिलं नव्हतं, तरी ते चालत होतं. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्या ढिगाचा फार आधार होता. आई स्वतः म्हणायची, "आता कदीबी बोलावलं तरी चालंल."

पुढं लोकांना मी सांगत राहिलो की मला कुठं माहीत होतं, मी तर नोकरीच्या गावी. ते खोटं आहे. मला सगळं माहीत होतं. फक्त मी मनाशी असं मांडलं की चार वर्षांत पावसाळ्यात कोणी गेलेलं नाही, लाकूड नुसतं पडून आहे, उन्हाळा समोर आहे, आपण नंतर भरून टाकू. फिटरचं डोकं, हिशेब चटकन जुळवतं.

होळी झाल्यावर बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि आई महिनाभर किन्हवलीला तिच्याकडं राहायला गेली. ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी टेम्पो बोलावला. बायको ओट्यावर उभी राहून म्हणाली, "अहो, आईंना एक फोन तरी करा." मी म्हटलं, "करतो." आणि खरंच, फोन मी रोज करत होतो, संध्याकाळी सातला. बहिणीची तब्येत, आईचे गुडघे, तिथलं ऊन, सगळं विचारायचो. लाकडाचं विचारत नव्हतो, कारण ती नाही म्हणेल याची मला खात्री होती.

टेम्पो भरताना काका समोरून आले. धोतर गुडघ्यापर्यंत, हातात काठी. भरलेल्या टेम्पोकडं जरा वेळ बघत राहिले. त्यातला एकूण एक ओंडका त्यांच्या हाताखालून गेलेला.

"कुटं नेतंस रे?"

"मुरबाडला, वखारीत. चिरून आणतो. गेट करायचंय."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आयला इचारलंस ना?"

मी दोरी आवळत होतो. वर न बघता म्हणालो, "हो, विचारलंय. कर म्हणाली."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि काठी टेकत घरी गेले. इतकं सहज खोटं मी त्याआधी बोललो नसेन. त्यांनी पटकन मानलं याचं मला बरंच वाटलं.

वखारीत गर्दी होती. आपल्या लाकडाचा नंबर लागायला चार दिवस लागले. म्हणजे चार दिवस ते ओंडके तसेच, अख्खे, वखारीच्या अंगणात पडून होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्या चार दिवसांत एक फोन केला असता तर टेम्पो उलटा आणता आला असता.

पुढचं काम मात्र मी मन लावून केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पट्ट्या रंध्यानं साफ केल्या, पॉलिश पेपर मारला. एका पट्टीवरून बाकी सगळ्या आखल्या, म्हणजे माप हलायला नको. ऐन भलताच कडक. पहिल्याच पट्टीत सरळ स्क्रू घातला आणि ती टोकापासून फाटली. काका पलीकडं दगडावर बसून बघत होते. ते रोज यायला लागले होते. "आदी भोक पाड," म्हणाले, "ऐन हाय तो. त्याला आदी वाट करून द्यावी लागते." मी तीस वर्षांचा फिटर, मला हे एका शेतकऱ्यानं शिकवावं याचा राग आला, पण बारीक ड्रिल लावलं आणि मग एकही पट्टी फाटली नाही.

गेट पहिल्यांदा टांगलं तेव्हा दोन दिवसांत कडीच्या बाजूनं खाली आलं. तिरकी पट्टी मी उलटी बसवली होती. ती बिजागरीच्या बाजूला खालून सुरू होऊन कडीच्या बाजूला वर जायला हवी, म्हणजे वजन खांबावर जातं. नवशिक्याची चूक. मी चिडून पाना फेकला, तो मोगऱ्यात जाऊन पडला. काकांनी तो शोधून, पुसून परत दिला. गालातल्या गालात हसत होते.

खांब रोवायचं काम एकट्याचं नव्हतं. बुडाला जळकं ऑइल लावलेले, वाळवीच्या भीतीनं काळेकुट्ट केलेले खांब. काका आपणहून पुढं झाले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पण खांबाला दोन्ही हातांनी असा धरून उभा राहिला की ओळंब्याची दोरी जागची हलली नाही. मी खड्ड्यात खडी ठोकत होतो, ते वरून म्हणत होते, "सरळ हाय. भर आता." सगळे खांब आम्ही दोघांनी दोन दिवसांत उभे केले. शेवटी त्यांच्या धोतराला जळक्या ऑइलचे डाग पडले. मी म्हटलं, "काका, धोतर गेलं." ते म्हणाले, "जाऊंदे. जुनाच व्हता."

आई परत आली तेव्हा दोन हात ऑइल पेंट लागून गेट वाळलेलं होतं. रिक्षातून उतरून ती गेटपाशी थांबली. कडी तिला सापडेना. मी धावत जाऊन उघडून दाखवली, परत लावून दाखवली. तिनं एका पट्टीवरून हात फिरवला. "झ्याक झालाय," म्हणाली. "कुरकुरत बी नाय." मग हातपाय धुवायला मागच्या बाजूला गेली. पडवीत आता माझी हत्यारं आणि उरलेल्या रंगाचे डबे होते. मी स्वयंपाकघरात कान लावून उभा होतो. ती जरा उशिरानं आली आणि बायकोला म्हणाली, "चाय टाक गो." बस, एवढंच. मला वाटलं, सुटलो. त्या दिवशी मी दोन माणसांचं जेवलो असेन, इतका खूश होतो.

काका त्याच वर्षी श्रावणात गेले.

सकाळी दहाच्या सुमारास. चार दिवस दिसले नव्हते, छातीत कफ होता. पाऊस असा की समोरचं त्यांचं घर आमच्या ओट्यावरून धूसर दिसत होतं. तासाभरानं त्यांचा मुलगा आणि दोन माणसं आमच्याकडं आली. मुलगा रोज कल्याणला कामाला जाणारा, पहाटे जातो, अंधारात येतो. पडवीत काय आहे, काय नाही, त्याला ठाऊक नव्हतं. भिजलेल्या टोपीतून पाणी गळत होतं. त्यानं आईकडं बघून म्हटलं, "काकी, लाकडं लागतील."

आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "नाय रे बाबा. संपली या टायमाला."

"संपली?" तो म्हणाला. त्याला कळेना. मग त्याच्याबरोबरच्या एकानं गेटकडं बघितलं, आणि मग त्यानंही बघितलं. आई जमिनीकडं बघत होती. माझं नाव तिनं घेतलं नाही. ज्या बाईच्या दारातून वीस वर्षांत पावसाळ्यातलं कोणी रिकाम्या हातानं गेलं नाही, ती मान खाली घालून बसली होती. आणि मी, तिचा मुलगा, खांबाला धरून उभा होतो.

मी म्हटलं, "थांबा, पॅनेलं काढतो. अर्ध्या तासात काढतो." पाना आणायला धावलोसुद्धा. त्यातला वयस्क माणूस म्हणाला, "नको. रंगाचा लाकूड हाय, खाली जळका ऑइल हाय. आनि पट्ट्या काय टिकायच्या? फुर्रदिशी जातील. ऱ्हाऊंद्या." ते रागावले असते, दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त घाईत होते. अजून बारा घरं फिरायची होती.

स्मशानात आता पंचायतीनं पत्र्याची शेड बांधली आहे. पाऊस वरून पडत नाही एवढाच फरक. लाकडं ओलीच. मी माझा ओंडका नेला होता, विहिरीपाशी पडलेला, भिजून काळा झालेला. तो ठेवताना त्यातून पाणी निथळलं. दोन वेळा पेटवून धरेना, तेव्हा काकांच्या मुलानं स्वतःच टायर आणायला माणूस पाठवला. टायर घेऊन तो आला तेव्हा मुलानं तोंड फिरवलं. मी फिरवलं नाही. मला ते बघायलाच हवं होतं. खांब सरळ धरणारे ते दोन हात मला दिसत होते, आणि त्यांच्यावर लोक काय रचत होते तेही.

घरी आलो. आईनं विचारलं, "कसा झाला?"

मी म्हटलं, "नीट झालं सगळं."

ती म्हणाली, "टायरचा वास हितपतूर आला."

त्यानंतर वर्षभर आमच्यात त्या विषयावर शब्द झाला नाही. यंदाच्या उन्हाळ्यात मी मुरबाडच्या बाजूला उन्मळून पडलेला एक मोठा आंबा मिळवला. कुऱ्हाड आणि पाचरी घेऊन स्वतः फाडला. तळहाताला फोड आले ते बायकोला दाखवले नाहीत, आईला दिसतील असे मात्र ठेवले, इतका मी लहान झालो होतो. रंगाचे डबे फेकले, पडवी परत भरली. आई बघायला आली नाही. तिचे गुडघे आता ओट्यापलीकडं जाऊ देत नाहीत, असं मी मनाला सांगितलं.

गेल्या महिन्यात वरच्या आळीतली एक म्हातारी गेली. पाऊस होताच. बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला बरं वाटलं. वाटलं, आता माझी लाकडं कामाला येतील. मी पडवीतून सगळ्यात सुका ओंडका काढला, खांद्यावर घेतला आणि गेट उघडून उभा राहिलो. माणसं घरोघर लाकडं घेत येत होती. पुढं काकांचा मुलगा होता. शेजारच्या घरी थांबले, ओंडका घेतला. आमच्या गेटपाशी आले आणि चालत पुढं गेले.

मी हाक मारली. "अरे थांबा! माझ्याकडं भरपूर आहेत. सुकी आहेत, आंब्याची."

तो परत फिरून आला. चांगला मुलगा आहे, मनात काही ठेवणारा नाही. म्हणाला, "झाली दादा. खालच्या वाडीतनं टेम्पो भरून आलीत. तुमची ऱ्हाऊंद्या. काकीला लागतील."

त्यात टोमणा नव्हता. त्यानं काळजीनंच म्हटलं. पण आई मागं ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती आणि तिनं ते ऐकलं. ओंडका खाली ठेवून मी ओट्यावर गेलो. तिच्या हातातलं सूप थांबलं नव्हतं. मला तेव्हा राहवलंच नाही. मी म्हटलं, "आई, लाकडं नेली त्या दिवशी काकांनी मला विचारलं होतं, आईला विचारलंस का. मी हो म्हटलं. खोटं बोललो मी त्यांच्याशी. ते गेले तेव्हा त्यांना वाटत असेल की तूच..."

"त्याला म्हाईत व्हता," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"त्याच राती तुज्या काकाचा फोन आलता किन्हवलीला. म्हनाला, वैनी, लाकडं चाललीत, तुमी होय बोलल्यात म्हनतो तो, खरा हाय काय. मी म्हनाले, मला कोनी इचारला नाय. तो बोलला, मग आनू काय परत, अजून चिरली नसतील. मी म्हनाले, ऱ्हाऊंद्या. तुमी जाऊन त्याला खांब धरू लागा, एकट्याला नाय जमायचा."

तिनं सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. मला एवढंच विचारता आलं, "मग तू मला का नाही अडवलंस? मी रोज बोलत होतो ना तुझ्याशी."

"व्हय," ती म्हणाली. "रोज साताला फोन यायचा तुजा. मी हातातच घेऊन बसायचे. वाटायचा, आज इचारंल."